पुढच्या डाव्या चाकातला ठक

प्रिय ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. ‘वाकून’ हा शब्द पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिलेला नाही. गेले तीन आठवडे माझा बराचसा वेळ ट्रकच्या पोटाखाली गेला असल्यामुळे सध्या मी सगळ्यांनाच वाकून नमस्कार करतो, त्यात दूधवालाही आला. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला उतरला का? इकडे तुझी भावजय ठीक आहे, आई तर नको इतकी ठीक आहे (ते पुढे येईलच), आणि माझं म्हणशील तर काही विचारू नकोस. भूक लागते, पण घास हातातच राहतो. कामावर लोक माझ्याशी बोलतात आणि मी त्यांच्याकडे नुसता बघत बसतो. तेव्हा हे पत्र उभ्याने वाचू नकोस. खुर्चीत बस, पाठीला उशी घे, पाण्याचा तांब्या जवळ ठेव आणि दाजींना हाकेच्या अंतरावर बसव. (हाक ऐकू येत नसेल तर मी दिलेलं श्रवणयंत्र त्यांनी ड्रॉवरमधून काढून कानात घालावं. ते ड्रॉवरला ऐकू यावं म्हणून दिलेलं नव्हतं.)

ट्रक घेतल्याचं मी तुला कळवलं होतं. तो चार इंच उंच करून घेतल्याचं कळवलं नव्हतं, कारण तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. पण माझंही ऐक. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये जाऊन लोकांचे कान तपासायचे, तर तपासणीची ती कपाटाएवढी बंद खोली मागे लादावी लागते. आणि तिथला रस्ता म्हणजे दगड आणि खड्डे यांनी आपसात वाटून घेतलेली जागा. जुन्या गाडीचं पोट दर फेरीला खरवडून निघायचं. तेव्हा गावाबाहेर एक कारागीर आहे, तो गाड्या उंच करून देतो. त्याला सगळे जिराफ म्हणतात. (माणूस स्वतः पाच फुटांच्या आतला आहे. त्याने धंदा असा का निवडला, हे मी विचारलं नाही.) त्याने पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, मोठी चाकं बसवली, आणि मी त्या ट्रकमध्ये पहिल्यांदा चढून बसलो तेव्हा मला शेजाऱ्यांच्या गच्चीवरची टाकी वरून दिसली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. मजा असते गं. तुझी भावजय मात्र दार उघडून बराच वेळ खाली उभी राहिली. ती ग्रंथालयात काम करते, आवाज न करता रागावण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक प्लास्टिकचं स्टूल आणलं, त्याला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं, आणि स्टुलावर पाय देऊन वर चढून बसल्यावर ते स्टूल विहिरीतून पोहरा ओढावा तसं वर ओढून घेतलं. 

आता आवाज. तो पहिल्यांदा मला ऐकू आला असता तर या प्रकरणात माझी थोडीतरी इज्जत राहिली असती. पण झालं असं, की आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, निवृत्त हेडमास्तर. त्यांना नवीन श्रवणयंत्र बसवलं आणि म्हटलं, चला, तुम्हाला घरी सोडतो, वाटेत पक्षी ऐका. बाजाराच्या कोपऱ्यावर डावीकडे वळलो आणि हेडमास्तरांनी कानातून यंत्र काढून माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, हे बिघडलेलं आहे, यात ठक असा आवाज येतो. मी हसलो. यंत्र पुसून परत घातलं. गतिरोधक आला. हेडमास्तरांनी पुन्हा यंत्र काढलं. म्हणाले, आता दोनदा आला. मी त्यांना दहा मिनिटं समजावत होतो की काका, इतक्या वर्षांनी कानात आवाज शिरतोय, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, असे भास होतात. आणि त्यांच्या फाटकात गाडी वळवताना, ताई, मलाही तो भास झाला. पुढून, डाव्या चाकाच्या बाजूने, खणखणीत: ठक. बावीस वर्षं मी लोकांना त्या बंद खोलीत बसवून सांगत आलोय, की बारीकसा जरी आवाज आला तरी बटण दाबा. आणि माझ्याच गाडीचा आवाज मला एका बहिऱ्या माणसाने दाखवून दिला. 

मग मी इरेला पेटलो. माझा धंदा आवाजाचा, तेव्हा हा आवाज मी शास्त्रोक्त पकडणार. एक वही घातली. तारीख, वेळ, ठिकाण, वळण डावं की उजवं, वेग, आणि आवाजाची जात: ठक, ठुक, की ठाक. एक्केचाळीस नोंदी झाल्या. मोबाइल डाव्या चाकाजवळ चिकटपट्टीने बांधून आवाज टिपला, कानांचा काढतो तसा त्याचा आलेख काढला (मोबाइल तिसऱ्या फेरीत पडला, त्याच्यावरून मागचं चाक गेलं, त्याचा आवाज ठाक). तो आलेख घेऊन मी जिराफकडे गेलो. त्याने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि मग मला समजावलं, की गाडी उंच केली की तिचे सगळे दांडे तिरपे होतात, सांध्यांना ओढ बसते, आणि उंच गाडी थोडी बोलतेच. बोलणारी गाडी चावत नाही, हे त्याचं वाक्य. मला ते इतकं पटलं की मी ते घरी येऊन म्हणून दाखवलं. तुझ्या भावजयीने वही चाळली आणि एवढंच म्हणाली, “अहो, यात आवाज भरपूर आहेत, इलाज एकही नाही.”

इलाज सुरू केले. चौकातला मिस्त्री म्हणाला, ही चाकाला दोन्हीकडून धरणारी छोटी लिंक गेलीय. बदलली. ठक होताच. मग म्हणाला, शॉकअपचे रबरी बुश गेले. बदलले. ठक होताच, उलट नवीन रबरामुळे बाकीचे सगळे आवाज बंद झाले आणि ठक एकटाच उठून दिसायला लागला. चोर सोडून मी एकेका संन्याशाला फाशी देत होतो. तुझ्या भावजयीचं मत असं की आवाज गाडीचा नाहीच, मी गाडीत जे भंगार भरून ठेवतो त्याचा आहे. म्हणून तिने एका रविवारी ट्रक रिकामा केला. जॅकचा दांडा, तीन छत्र्या, एका पेशंटची काठी, आणि चार वर्षांपूर्वी हरवलं म्हणून मी शपथेवर सांगितलेलं ग्रंथालयाचं एक पुस्तक. ते पुस्तक तिने पदराआड केलं आणि आत गेली. तो दिवस मी कसा काढला ते मला ठाऊक. रिकामी गाडी घेऊन कोपऱ्यावर गेलो. ठक.

आणि समोर येऊन ठेपलं शिबिर. वरच्या वस्तीवर चाळीस लोकांची तपासणी ठरलेली. त्यात शाळेतली तेरा मुलं होती, जी फळ्याकडे बघत बसतात आणि बाईंना वाटतं ढ आहेत. ती मुलं मला तीन महिने टोचत होती, कारण मागच्या वेळी खराब रस्ता म्हणून मीच शिबिर पुढे ढकललं होतं. आता पुन्हा ढकलायचं? जिराफला फोन केला, तो म्हणाला बिनधास्त जा. पण त्या घाटाचा उतार तू पाहिला नाहीस. तिथे एका बाजूला डोंगर आहे आणि दुसऱ्या बाजूला काहीही नाही.

शनिवारी दुपारी मी ट्रक अंगणात घेतला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले आणि खाली शिरलो. मिस्त्रीने एक युक्ती सांगितली होती: इंजिन चालू ठेवून एकाने वर बसून स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली पडून कुठे ठक होतोय ते बघायचं. तुझी भावजय ग्रंथालयात. घरात फक्त आई, ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. माझी मनःस्थिती समजून घे, बुडत्याला काडीचा आधार. मी तिच्या डाव्या, म्हणजे चांगल्या कानाशी ओरडलो, आई, जरा गाडीत बसतेस का, एक गोल चाक असतं ते हलवायचंय. तिने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. मी स्टूल शोधायला वळलो, आणि परत बघतो तर आई वर बसलेली! चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, ताई, मोठ्या टायरवर पाय देऊन, दाराच्या खांबाला धरून, मांजर भिंतीवर चढावं तशी चढली. मला वाटलं, शेजाऱ्यांनी उचलून ठेवलं की काय. इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मी तिला सावकाश समजावलं, की आई, याला स्टिअरिंग म्हणतात, घाबरायचं नाही, हळूच असं करायचं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी सगळं दोनदा सांगितलं. तिने दोन्हीदा ऐकून घेतलं.

खाली पडल्यापडल्या मला आवाज यायला लागले. आवाज कुठून येतोय म्हणून विचारशील, तर सगळीकडून. डावीकडून, उजवीकडून, डोक्यावरून; एकदा तर शपथेवर सांगतो, शेजाऱ्यांच्या घरातून. बावीस वर्षांचा माझा कान तिथे पार आंधळा झाला. पाच मिनिटं अशी गेली आणि इंजिन बंद झालं. दोन पावलं माझ्या तोंडाशेजारी जमिनीवर उतरली. मग आईचा आवाज आला.

“निघ बाहेर. तू वर बस.”

मी म्हटलं, “आई, तू काय करणारेस?”

“मनगटावरचं घड्याळ धर. आणि तुझ्या अंगाखालचं ते पोतं सरकव इकडे.”

माझ्या हातात घड्याळ आणि चष्मा देऊन आई ट्रकखाली गेली. आपली आई! जिला मी गरम पाण्याची बादली उचलू देत नाही! मी आडवा आलो, तर म्हणाली, हातब्रेक ओढलाय का बघ आणि गाडी गिअरमधून काढ. हे शब्द आईच्या तोंडून ऐकताना मला वाटलं, माझ्याच कानाची तपासणी करायची वेळ आली. मी वर जाऊन बसलो. खालून हुकूम आला: “चाक पूर्ण वळवू नकोस. नुसतं शिवून सोड. डावीकडे. आता उजवीकडे. पुन्हा.” मी शिवून सोडत होतो आणि दारातून वाकून बघत होतो. तिने डोळे मिटले होते. एकेका सांध्यावर तळवा ठेवायची, जरा थांबायची, पुढे सरकायची. तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवतात तसं. चौथ्या की पाचव्या ठिकाणी तिचा हात थांबला.

“इथं आहे. ये बघ.”

पुढच्या अॅक्सलला गाडीच्या मधोमध धरून ठेवणारा एक लांब आडवा दांडा असतो, जिराफ त्याला ट्रॅक बार म्हणतो. त्याचं वरचं टोक एका जाड बोल्टने गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. गाडी उंच केली की हा दांडा तिरपा होतो आणि सगळा भार त्या एका बोल्टवर जातो. आईने माझी दोन बोटं धरून नटावर ठेवली. नट फिरला. पान्याशिवाय, ताई! बाटलीचं बूच फिरावं तसा फिरला! बोल्टाच्या भोवतीचं भोक घासून घासून अंड्यासारखं लांबट झालेलं. स्टिअरिंग हललं की बोल्ट त्या भोकात एकदा या टोकाला आपटायचा, एकदा त्या. हाच तो ठक. आणखी दोन फेऱ्या झाल्या असत्या तर नट पडला असता, घाटात दांडा निसटला असता, आणि अॅक्सल एका बाजूला आणि आम्ही दुसऱ्या बाजूला, म्हणजे ज्या बाजूला काहीही नाही तिथे गेलो असतो.  आई पोत्यावर उठून बसली, केसांतली माती झटकली आणि म्हणाली, “असला आवाज कानाने सापडत नाही. लोखंडातून तो कुठेही निघतो आणि कान फसतो. हाताला मात्र धक्का लागतोच.” मग म्हणाली, “आणि गाडी जॅकवर उचललेली असताना हा नट शेवटचा आवळायचा नाही. चाकं जमिनीवर टेकू द्यायची, गाडीचं वजन बसू द्यायचं, मग आवळायचा. सांग तुझ्या त्या जिराफला.”

मी विचारलं, हे तुला कुणी शिवकलं? (बघ, अजून हात थरथरतोय, शिकवलं.) तिने घड्याळ मागून घेतलं, मनगटावर चढवलं, आणि जणू भाजी महाग झाली असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, “अकरा वर्षं खाणीत दगडाचा ट्रक चालवलाय मी.”

तांब्यातलं पाणी पी, ताई, आणि पुढे वाच. खाणीत ड्रायव्हर बाबा होते ना? आई वजनकाट्याच्या कचेरीत चिठ्ठ्या लिहायची ना? आपण असंच ऐकत मोठे झालो ना? तर ते तसं नव्हतं. बाबांना उतारावर चक्कर यायची. नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. सोडून द्यावी तर घर कसं चालणार, म्हणून आईला बाबांनीच मैदानात गाडी शिकवली, आणि मग फाटकापर्यंत बाबा चालवायचे, फाटकाच्या आत आई. बाबांची टोपी आईच्या डोक्यावर, बाबा शेजारी. मुकादमाला ठाऊक होतं. त्याला दगड वेळेवर हवे होते, ते कोण आणतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आणि आईचा तो उजवा कान! लहानपणी कानात किडा गेला होता म्हणून सांगितलं होतं ना आपल्याला? किडा कसला! खिडकीकडचा कान तो. अकरा वर्षं त्या खिडकीतून दगड फोडणाऱ्या यंत्राचा आवाज आत येत होता. मी असले कान रोज तपासतो. घरातला कान कधी विचारला नाही.

मग मला ती गोष्ट आठवली. ब्रेक निकामी झालेला, दगडांनी भरलेला ट्रक, समोर चहाच्या टपरीवर बसलेले वीसेक मजूर, आणि बाबांनी ट्रक डोंगराच्या कडेला घासत घासत, ठिणग्या उडवत थांबवला. पाहुणे आले की बाबा ती गोष्ट सांगायचे, आणि ठिणग्यांच्या जागी आले की मी ताट वाजवायचो. तूसुद्धा शाळेत ‘माझे वडील’ म्हणून त्यावर निबंध लिहिला होतास आणि बाईंनी तो सगळ्या वर्गांत वाचून दाखवला होता. मी आईला विचारलं, म्हणजे तो ट्रक? ती म्हणाली, “मीच थांबवला. तुझे बाबा डोळे मिटून बसले होते.” मी म्हटलं, अगं पण ते किती बारकाईने सांगायचे, ठिणग्या, धूळ, मजुरांचे चेहरे! तर आई हसली. म्हणाली, “म्हणून तर इतकं छान सांगायचे. बघितलं कुठे होतं?” त्या हसण्यात राग नव्हता गं. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि मला पहिल्यांदा असं वाटलं की मी त्यांना ओळखतच नव्हतो, आणि जेवढे ओळखले त्याहून ते जास्त आवडले. भ्यायचे, आणि तरी अकरा वर्षं रोज तिच्या शेजारी जाऊन बसायचे.

संध्याकाळी जिराफ आला, भोकावर जाड पोलादी पट्टी वेल्डिंगने बसवली, नवा बोल्ट घातला. चाकं जमिनीवर टेकवून नट आवळला. आई शेजारी खुर्ची टाकून बसली होती, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता. रविवारी आम्ही तिघं निघालो. ट्रक असा गप्प, की तुझ्या भावजयीला ग्रंथालयात बसल्यासारखं वाटलं. शिबिर झालं. तेरातल्या चार मुलांच्या कानात नुसता मळ होता, सहा जणांना यंत्रं लागतील, आणि मळ काढलेल्या एका मुलीने खोलीतून बाहेर येऊन विचारलं, हे पाखरू रोज ओरडतं का? एवढ्यासाठी मी ट्रक आणखी चार इंच उंच करायला तयार आहे (तुझ्या भावजयीला सांगू नकोस).

येताना उतारावर, अर्ध्या घाटात, समोरून पाण्याने भरलेला टँकर वर चढत आला. भरलेल्या गाडीला मागे जाता येत नाही. म्हणजे मागे मला जायचं होतं. उलटं, चढावर, वळणावर, खडी पसरलेल्या रस्त्यावरून. मी रिव्हर्स टाकला, चाक खडीवर घसरलं, ट्रकचं ढुंगण कड्याकडे वळलं, आणि ताई, माझं सगळं अंग लाकूड झालं. ब्रेकवरचा पाय उचलेना, हात हलेना. आणि लाज सोडून सांगतो, माझे डोळे मिटलेले होते. शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. आई उतरली होती. आधी तिने मागच्या चाकांना दोन मोठे दगड लावले, मग पुढून वळसा घालून माझ्या दारात आली आणि म्हणाली, “सरक.” मी म्हटलं, आई, लायसन्स! तर म्हणे, पर्समध्ये आहे, चष्म्याच्या घरात. मी सरकलो आणि वेड्यासारखी पर्स उघडली. होतं! मुदत न संपलेलं! दर वेळी नूतनीकरण करून आणलेलं! त्या त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरकडे कवळी बसवायला जाते म्हणून सांगायची, आणि संध्याकाळी मी म्हणायचो, वा आई, छान बसलीय. तिचे सगळे दात तिचे स्वतःचे आहेत, हे मला त्या कड्यावर कळलं.

तुझ्या भावजयीला तिने खाली उतरवून दगड काढायला उभं केलं, एक डोळा आरशात ठेवला, अर्ध्या क्लचवर ट्रक इंच इंच मागे घेतला, आणि वळणावरच्या रुंद जागेत असा नेऊन लावला की टँकर हातभर अंतर ठेवून निघून गेला. टँकरवाल्याने जाताना कपाळाला हात लावून सलाम केला. आईनेही केला, दोन बोटांनी, सवयीने. आणि इतक्यात मागून एक कानठळ्या बसवणारी शिट्टी आली. मला वाटलं पोलीस. वळून बघतो तर तुझी भावजय, रस्त्याच्या मधोमध, तोंडात दोन बोटं घालून! तेवीस वर्षांच्या संसारात मी तिचा खोकलासुद्धा मोठ्याने ऐकलेला नाही. मग आईने पहिल्या गिअरवर, ब्रेकला जवळजवळ न शिवता, ट्रक खाली आणला. मी मधे बसलो होतो.  घरी येईपर्यंत त्या दोघी खुशीत होत्या.

तर असं आहे सगळं. मी अजून सावरलेलो नाही. आईने मला बजावलंय, की यातलं अक्षरही ताईला कळवायचं नाही, तिला सोसायचं नाही. पण तुझ्यापासून मी कधी काही लपवलंय का? वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक. दाजींना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा,
जो अजून कापतो आहे

ता. क. : खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळंच. आईने ठरवलंय की येत्या शुक्रवारी ती स्वतः ट्रक चालवत तुझ्याकडे येणार. दोनशे किलोमीटर! मी ‘नको’ म्हटलं की तिचा चांगला कानही बंद होतो. ती ऐकते ते फक्त तुझं. तर तू आपणहून फोन करून सांग की घराला रंग चाललाय, किंवा तुम्ही गावाला निघालायत, किंवा काहीही. मी सुचवलं हे कळू देऊ नकोस.

ता. क. २ : वर मी तो नट ढिला राहिल्याचं खापर आडून जिराफवर फोडलंय. लिहून झाल्यावर मनाला लागलं म्हणून सांगतो. ट्रक उंच करून झाला तेव्हा शेवटचा बोल्ट, म्हणजे हाच, मी माझ्या हाताने बसवला होता, फोटोसाठी. जिराफ म्हणाला होता, या पान्याने नट पुरेसा आवळला की पाना आपोआप ‘टक’ करतो, तेव्हा थांबा. मला टक स्पष्ट ऐकू आला आणि मी थांबलो. तो टक जिराफच्या पेनचा होता. परवा त्याने फोटो दाखवला. त्यात मी हसतोय आणि मागे तो पेनने पावती लिहितोय. हे तुझ्या भावजयीला माहीत नाही.

ता. क. ३ (अक्षर वेगळं आहे हे तुला कळेलच) : बाळे, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. तुला कळवू नको म्हणून मीच त्याला बजावलं होतं, म्हणजे लगेच कळवेल. तुला यातलं काय नवीन आहे? पाच वर्षांची असल्यापासून तू आमच्या दोघांच्या मधे बसायचीस आणि उतार आला की बाबांच्या डोळ्यांवर हात ठेवायचीस. धाकट्याला बाबांचा फार अभिमान आहे, त्याला सांगायचं नाही, हे तूच ठरवलंस, आणि निबंधही त्याच्यासाठीच लिहिलास. मी इतकी वर्षं पाळलं. पण बोल्ट हातात आल्यावर मला खोटं बोलता येईना. तो धक्क्यात आहे, असू दे, जेवायला लागला की बरा होईल. आल्यावर तू मात्र पहिल्यांदाच ऐकतेयस असा चेहरा कर. शुक्रवारी सकाळी निघते, जेवणाच्या वेळेला पोचेन. फाटकावरून तुम्ही कपडे वाळवायची दोरी बांधली आहे ती सोडून ठेव. गाडी उंच आहे.